अलिबागची इस्रायल आळी पायी बघताना: दारांवरच्या खुणा आणि हिब्रू सालं

खाडीकाठ
अलिबागच्या इस्रायल आळीत, म्हणजे बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाच्या जुन्या वस्तीत, पायी हिंडून दारांवरच्या खुणा, कोनशिला, कोरीव अक्षरं बघायची आहेत. फोटोही घ्यायचेत. पेणहून एसटीने येणार. वार आणि वेळ कोणती धरावी? हिब्रू अजिबात येत नाही, निदान साल तरी लागेल का?

आक्षीचा वारा
शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत नको. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, फोटो चालत नाहीत. बेने इस्रायलींना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणायचे ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणूनच. रविवारी सकाळी लवकर या, तिरप्या उन्हात कोरलेली अक्षरं उठून दिसतात. स्टँडवरून चालतच जा, रिक्षाची गरज नाही.

मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८४८चं, सध्याची इमारत १९१०ची. आत जायला आधी विचारा, डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल ठेवा. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, म्हणजे हेखाल, पश्चिमेकडे असतं, कारण कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला.

घरांच्या बाबतीत चौकटीची उजवी बाजू बघा, आत शिरताना आपल्या उजव्या हाताला, खांद्याच्या जरा वर. तिथे मेझुझाची, म्हणजे धर्मवचनं लिहिलेल्या गुंडाळीची, लहान उभी डबी असते. कुटुंब इस्रायलला गेलं आणि घर विकलं गेलं असेल तर डबी काढलेली असते. मग एकाखाली एक खिळ्यांची दोन भोकं किंवा आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचा उभा पट्टा राहतो. रंगाचे थर चढले की तोही बुजतो, म्हणून बाजूने तिरपं बघायचं. घर राहतं असेल तर विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

चौलची वाट
साल नक्की लागतं. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते आणि वाचायचं उजवीकडून. शेवटच्या अक्षराआधी वर दोन बारीक रेघा दिसल्या की बहुधा आकडा समजा. सालातले पाच हजार सहसा लिहीत नाहीत, म्हणून इसवी सन काढायला बेरजेत १२४० मिळवायचे. ताव ४००, रेश २००, आयिन ७० : झाले ६७०, अधिक १२४०, म्हणजे १९१०. हिब्रू साल नव्या वर्षाच्या सणाला, सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं. हिब्रू महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर एक वजा करा. तेवेतमध्ये डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही येतात, तिथे तारीख बघूनच ठरवा.

घोळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी. दालेत (४) आणि रेश (२००) : दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार बाहेर येतो, रेशचा गोल वळतो. हे (५) आणि हेत (८) : ‘हे’चा डावा पाय वरच्या रेघेला टेकत नाही. झिजलेल्या दगडात ही फट भरून जाते, म्हणून शक्य असेल तिथे खालच्या मराठी ओळीतल्या सालाशी ताडून बघाच. आडनावही तिथेच सापडतं: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. गावं कळली की कुटुंब कुठून आलं ते कळतं.

खाडीकाठ
फारच उपयोगी. नवगावच्या ज्यू दफनभूमीतले दगडही असेच वाचता येतील? अक्षरांवर खडू घासला तर?

आक्षीचा वारा
खडू, पीठ, चुना काहीही घासू नका. ते छिद्रांत बसतं आणि धुताना दगडाचा पापुद्रा सुटतो. शेवाळ असेल तर तारेचा ब्रश तर मुळीच नको, अक्षरांच्या कडा जातात. छोटा आरसा न्या आणि ऊन दगडाच्या बाजूने आडवं पाडा. ढगाळ असेल तर टॉर्च तसाच धरा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बरं, पावसाळ्यात शेवाळाने निम्मं वाचता येत नाही.

नवगाव थळ आणि किहीमच्या मधे आहे. बेने इस्रायलींच्या पूर्वजांचं गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना इथे पुरलं, अशी समाजाची परंपरा. तिथे स्मारक आहे. मातीच्या जुन्या उंचवट्यांवर पाय देऊ नका, त्या कबरी मानतात.

चौलची वाट
रेवदंडा त्याच दिवशी कोंबू नका. तिथलं बेथ एल सिनेगॉग १८४२चं, त्याला निवांत सकाळ हवी. नवगाव उत्तरेला, रेवदंडा दक्षिणेला. एसटी बदलण्यातच सकाळचं ऊन निघून जाईल.