थोरल्यानं हाताला लावलेली कामं: अनुभव धागा (सोलापूर)

या धाग्यावर थोरल्या भावाची आठवण जरा वेगळ्या रीतीनं लिहूया. त्यानं लहानपणी शिकवलेलं एखादं काम लिहा, इतकं नेमकं की वाचणाऱ्याला ते आज करता यावं. दादा, अण्णा, भैया, ज्या हाकेनं बोलवायचात तीच लिहा.

साखर पेठ

आमच्या पूर्व भागात थोरला म्हणजे अन्ना, तेलुगूतला. धोट्याच्या (आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) मागावर धाकट्याचं पहिलं काम कांडी भरायचं, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायचं. बुडाकडून भरत यायचं, टोकाला बोटभर जागा मोकळी सोडायची. सूत दोन बोटांतून जाताना हलका ताण हवा. कांडी सैल भरली तर धोट्याच्या दणक्यानं वेटोळी एकदम सुटतात आणि कापडात गुंता जातो. फार ताणलं तर सूत आधीच तुटतं.

आणि तुटलं की विणकराची गाठ. दोन्ही टोकं डाव्या अंगठा-तर्जनीत फुलीसारखी धरायची, उजवीकडचं खाली, डावीकडचं वर. उजव्या सुताची लांब बाजू अंगठ्याच्या नखावरून घ्यायची, त्याच सुताच्या टोकामागून फिरवायची आणि दोन टोकांच्या मधून पुढं आणायची. मग दुसरं टोक वाकवून नखावरच्या फासात घालायचं, अंगठ्याखाली दाबायचं आणि उजवी लांब बाजू ओढायची. दोन-तीन मिलिमीटर शेपूट ठेवून बाकीचं कापायचं. साधी गाठ जाड होते. फणीच्या (उभे तार वेगळे ठेवणाऱ्या चौकटीच्या) घरात अडकते आणि तार पुन्हा तुटतो. ही गाठ चपटी, सरळ निघून जाते. पण झटका देऊन ओढली तर फास पलटतो आणि गाठ सरकते. अन्नाचं त्यावर एकच म्हणणं असायचं, “आवळू नको बे, बसव.” चादरीच्या उलट्या बाजूवर बोट फिरवून गाठ ओळखायलाही त्यानंच शिकवलं.

मोहोळ

हुरड्याचं कणीस निवडणं दादाकडूनच शिकावं. दाणा नखानं दाबायचा. पातळ दूध उडालं तर कोवळा, भाजल्यावर त्याची नुसती पापडी होते. पिठूळ लागला तर निबर. घट्ट, मऊ चीक निघाला तर नेमका. डिसेंबर-जानेवारीत ही वेळ येते आणि थोड्याच दिवसांत निघून जाते, म्हणून दादा रोज बांधावरून चक्कर मारायचा. गुळभेंडी ज्वारी हुरड्यासाठी, मालदांडी भाकरीसाठी राखायची.

आगटीला वीतभर खोल खड्डा पुरतो. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, सगळे चुकतात ते इथंच. आर (निखारा) राखेखाली गेला की कणसं आडवी खुपसायची, दांडा बाहेर. दोन-तीन मिनिटांनी फिरवायची, पाच-सहा मिनिटांत होतात. जाळावर धरलं तर वरचा कोंडा जळतो, दाणा कच्चा राहतो आणि धुराचा वास जात नाही. गरम आहे तोवरच तळहातावर चोळायचं, गार झालेला दाणा बोंड सोडत नाही. फुंकर मारायची, वर शेंगाचटणी. पहिली मूठ धाकट्याची, हा दादाचा नियम.

बाळे

सायकलच्या पंक्चरला चाक काढावं लागत नाही. टायरची एकच बाजू उचलून ट्यूब बाहेर घ्यायची, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची, बुडबुडा आला तिथं पेनानं खूण. पुसून कोरडी करायची, पॉलिश पेपरनं घासायची, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबायचं. ओलं असताना ठिगळ लावलं तर रात्रीत सुटतं. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. आपल्याकडं बाभळीचा काटा टायरमध्येच राहतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा हवा जाते. भैया हे कधीच विसरला नाही. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर गेला की हवा थोडी कमी भरायची आणि वॉलट्यूब (वॉल्व्हवरची रबरी नळी) तडकलीय का बघायचं.

उत्तर कसबा

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेला, धाकट्याला नेताना दादाची तयारी: पैसे दोन खिशांत विभागलेले, पत्त्याची चिठ्ठी शर्टाच्या आतल्या खिशात, आणि होम मैदानात शिरण्याआधी चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरलेली. ती जागा पाळण्याजवळची नको, कारण पाळणे अनेक आणि लांबून सारखेच दिसतात. भुईकोट किल्ल्याचं दार चांगलं, कुणालाही विचारता येतं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी गर्दी वाढायच्या आत पोचायचं, हात मनगटाला धरायचा; बोटं घामानं निसटतात.

विजापूर रोड

साखर पेठवाल्यांना विचारायचं होतं, डावखुऱ्यानं ती गाठ कशी मारायची?

साखर पेठ

सगळं उजव्याचं डावं करायचं, बाकी क्रम तोच. अन्ना उजव्या हाताच्या पोराला शेजारी बसवून शिकवायचा आणि डावखुऱ्याला समोर. समोर बसलं की आरशात बघितल्यासारखं दिसतं, उलटं करून सांगावं लागत नाही. जाड दोऱ्यावर शिका, दोन रंगांचा घ्या, सुतावर नंतर या.