मदत हवी आहे : फॉकलंडचा वॉरा, लांडगा म्हणू की कोल्हा?

मंडळी, लेकीला शाळेत नामशेष प्राण्यावर मराठीत प्रोजेक्ट आहे, सगळ्यांनी डोडो घेतलाय म्हणून हिने मुद्दाम फॉकलंड बेटांवरचा वॉरा निवडला आणि आता मी अडकलेय. इंग्रजीत कुठे फॉक्स कुठे वुल्फ, आणि २००९ च्या डीएनए अभ्यासात तर आज जिवंत असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा नातेवाईक दक्षिण अमेरिकेतला तो लांब पायांचा मेन्ड वुल्फ निघाला, मग मराठीत लिहायचं काय? नुसतं वॉरा लिहिलं तर बाई वारा वाचणार 😅

दुसरं म्हणजे तो तिथे पोचला कसा? दक्षिण अमेरिकेचा किनारा बेटांपासून साधारण ४६० किमी दूर, बेटांवर दुसरा एकही मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी नाही. बर्फयुगात समुद्र गोठला तेव्हा चालत गेला म्हणतात, माणसांनी नेला असंही म्हणतात. सातवीच्या पोरीला कळेल असं कोणी समजावेल का?

बाकी माहिती जमवलीये. डार्विन १८३३-३४ मध्ये तिथे गेला होता, त्याने लिहिलंय की तिथले गुराखी एका हातात मांसाचा तुकडा धरायचे, हा बिचारा जवळ आला की दुसऱ्या हातातल्या सुरीने मारायचे. हा संपणार हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं आणि १८७६ पर्यंत खरंच संपला, मेंढ्यावाल्यांनी विषसुद्धा घातलं. हे वाचून लेक जेवलीच नाही नीट.

तिथल्या ५० पेन्सच्या नाण्यावर त्याचं चित्र असतं, कोणाकडे असलं तर फोटो टाका प्लीज, सोमवारी द्यायचंय.