बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची किंमत कशी धरावी?

प्रश्न : शाहूपुरी, कोल्हापूर
राधानगरी तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाकडी कॅबिनेटचा एक व्हॉल्व्ह रेडिओ मिळाला. त्याला विजेची वायर नाही, मागून बॅटरीसाठीच्या चार तारा निघतात, आणि आतील व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरात असलेल्या काचेच्या नळ्यांवर) डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ व डीएल ९६ असे क्रमांक आहेत. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तो ‘ब्रिटिशकालीन’ असल्याचे मान्य केले, पण भाव मात्र भंगाराच्या जवळपासचाच सांगितला. इंटरनेटवर अशाच संचांना कितीतरी पट भाव लावलेला दिसतो. खरे काय मानावे?

उत्तर : मंगळवार पेठ
‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द प्रथम बाजूला ठेवावा. ९६ मालिकेतील हे व्हॉल्व्ह १९५० च्या दशकातले आहेत, त्यामुळे ते मूळचेच असतील तर संच स्वातंत्र्यानंतरचा ठरतो. बॅटरी पुरवून वापरता यावी म्हणून ही मालिका काढली गेली. आधीच्या ९१ मालिकेच्या निम्म्या प्रवाहावर तिचे तंतू, म्हणजे व्हॉल्व्हमधील तापणाऱ्या बारीक तारा, तापतात.

दुसरे म्हणजे, संच सुरू करून पाहण्याची घाई करू नये. तंतूंना साधारण १.४ व्होल्ट लागतात आणि प्लेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्हमधील धातूच्या पत्र्यासाठी, बहुधा ९० व्होल्ट, त्यामुळे त्या चार तारांत अदलाबदल झाली तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जळतील आणि तुम्ही विकायला काढलेली वस्तूच निकामी होईल. व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढावेत आणि डिजिटल मल्टिमीटरने पहिल्या व सातव्या पिनेमध्ये तंतू अखंड आहे का, ते पाहावे. डीएल ९६ च्या तंतूचा मध्यबिंदू पाचव्या पिनेवर असतो, म्हणून तीही तपासावी. अर्थात तंतू अखंड असला म्हणजे व्हॉल्व्ह दमदार आहे असे नव्हे, पण तुटलेला असेल तर पुढची चर्चाच संपते.

९० व्होल्टची जुनी बॅटरी शोधत बसू नये. ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की भागते. तंतूंसाठी दीड व्होल्टचा एक मोठा सेल पुरतो. मात्र त्याआधी जुने कागदी कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे आतले सुटे भाग) जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

उत्तर : गंगावेश
मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांत मोठे अंतर असते; झालेल्या विक्रीचेच आकडे पाहावेत. तसाच विजेवर चालणारा संच सहसा अधिक भावाने जातो, कारण घेणाऱ्याला पिन लावून लगेच ऐकता येते. तुमच्या संचाची किंमत त्यामुळे वयापेक्षा पूर्णतेवर ठरेल : डायलची काच, सर्व मूळ बटणे, कंपनीची पट्टी, पाठीचा पुठ्ठा आणि त्यावरील मॉडेलचे लेबल. रेडिओच्या लायसन्सचे पोस्टाचे जुने पुस्तक घरात असेल तर तेही सोबत द्यावे. राधानगरीच्या पावसात लाकडाचा वरचा पापुद्रा सुटतो, तेवढा कडेने नखाने हलकेच दाबून पाहावा.

आणि कृपा करून डायलची काच ओल्या फडक्याने पुसू नका. स्टेशनांची नावे काचेच्या आतल्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि साबणाच्या एका हातात निघून जातात.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. डायलवरील अक्षरे शाबूत आहेत, बटणेही चारही आहेत, पाठीचा पुठ्ठा मात्र नाही.

उत्तर : मंगळवार पेठ
मग लेबलही गेले. मॉडेल क्रमांक चॅसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, ठोकलेला असू शकतो, तो टॉर्च घेऊन शोधावा. तो मिळेपर्यंत कोणालाही होकार देऊ नये.