निको गेला, मेडन संपलं? आधी उभे कुठे होतात ते सांगा

खर्जातला

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या टूरच्या बातम्यांखाली (ड्रमर निको मॅकब्रेन थांबला, त्याच्या जागी सायमन डॉसन आला) काल निकोभक्त_८३ यांनी चार वाक्यं टाकली: "निकोशिवाय मेडन म्हणजे मेडनची नक्कल करणारा बँड. सायमन डॉसन हा चालता मेट्रोनोम. सगळं संथ झालंय, ड्रमला दम नाही. आणि मागे पडद्यांच्या जागी टीव्ही लावलाय." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर दिलं असतं तर बातम्या वाहून गेल्या असत्या, म्हणून हा वेगळा धागा. लांबलचक आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं.

आधी गाण्यांची यादी बघा. 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' टूर २७ मे २०२५ ला बुडापेस्टला सुरू झाली. १९८० ते १९९२ चे नऊ अल्बम, त्यापलीकडचं काही नाही, हे आधीच जाहीर होतं. २०२५ च्या सेटमध्ये १७ गाणी, त्यातली आठ निकोच्या आधीचा ड्रमर क्लाइव्ह बर याच्या काळातली. सुरुवातीची पाच तर ओळीने त्याचीच. निको आला १९८२ च्या अखेरीस. म्हणजे या आठ गाण्यांपुरता निको स्वतःच बेचाळीस वर्षं 'बदली ड्रमर' होता. तेव्हा नक्कल नव्हती, आता झाली?

दुसरं, 'संथ'. मोजा की. एखादा व्हिडिओ लावा, मात्रेवर बोट ठेवा, पहिल्या ठोक्याला शून्य म्हणा (एक म्हटलंत की तिथेच चुकलात), बत्तीसला घड्याळ थांबवा. ३२ गुणिले ६०, भागिले सेकंद. बारा सेकंद आले तर १६०. बोट पाव सेकंद चुकलं तरी तीन-चारचाच फरक पडतो, तोही नको असेल तर ६४ मात्रा मोजा. आणि तुलना करायची ती रेकॉर्डशी. तुमच्या कानात १९८५ चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' बसलाय, तिथे सगळंच रेकॉर्डपेक्षा पळतं. डॉसनची चाल माझ्या मोजणीत रेकॉर्डच्या आसपास येते.

तिसरं. जानेवारी २०२३ मध्ये निकोला स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली होती. उजवा हात म्हणजे राइड (ताल धरायची मोठी झांज), उजवा पाय म्हणजे बेस ड्रमचा पेडल. तरी माणूस दोन वर्षं टूरवर वाजवत राहिला आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत शेवटचा शो करून उठला, तेव्हा वय ७२. जलद फिल (मधल्या जागा भरणारे ड्रमचे तुकडे) पूर्वीसारखे येत नाहीत हे त्याने स्वतःच जाहीर सांगितलं. त्याला अजून ओढायचं होतं का?

आणि ज्याचं कौतुक व्हायला हवं त्यावर कोणी अक्षर बोलत नाही: पट्टी उतरवलेली नाही. मेटॅलिका कित्येक वर्षं लाइव्हला अर्धा स्वर खाली वाजवतात. गायक ब्रूस २०१५ ला जिभेच्या कॅन्सरमधून उठलाय, टूर सुरू झाली तेव्हा ६६ वर्षांचा, आणि तीच मूळ पट्टी.

निकोभक्त_८३

वा, गणिताचा तास. बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) मोजून ताल कळत असता तर घड्याळांनी मैफली केल्या असत्या.

चाल तीच असूनही वजन वेगळं असतं, हे तुम्हाला कळत नाही असं नाही, तुम्ही सोयीने विसरताय. निको आयुष्यभर एका पेडलवर वाजवत आला. २००३ चं 'फेस इन द सँड' सोडा, दुहेरी पेडल नाहीच. एका पायाने लागोपाठ दोन ठोके मारायचे म्हणजे पहिला हलका आणि दुसरा जड पडतो, कारण बीटर (पेडलचा हातोडा) उडून परत येताना त्यालाच ढकलायचं असतं. त्या असमान जोडीमुळेच मेडनची घोडदौड पुढे झुकलेली वाटते. वर राइडच्या घुमटीवर हात, आणि फिल समेवर न संपवता पुढच्या आवर्तनात अर्धी मात्रा सांडायची. डॉसन फिल नीट आवरून समेवर ठेवतो. स्वच्छ, नीटनेटकं, निर्जीव.

क्लाइव्ह बरबद्दल मान्य, पण निकोने ती गाणी स्वतःची करून घेतली. डॉसन कोणाचीच करत नाही.

तिसरी_गिटार

ड्रमवर भांडताय, खरा चिखल गिटारींचा आहे. ८० ते ८८ ची गाणी दोन गिटारींसाठी लिहिलेली. १९९९ ला एड्रियन स्मिथ परतला आणि यानिकही राहिला, तेव्हापासून तीन. नव्या गाण्यांत तिसरीला काम आहे. जुन्यांत डेव्ह मरी आणि स्मिथ वरचे दोन सूर धरतात आणि तिसरी खालची लय दुप्पट करते. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळे एकमेकांच्या पायावर उभे, आणि स्नेअरचं (कडक आवाजाच्या ड्रमचं) अंगही तिथेच. ड्रमला दम कुठून दिसणार?

साउंडडेस्क

@तिसरी_गिटार, अर्धं बरोबर. पण स्टेडियममध्ये खरा खलनायक अंतर आहे, आणि ते कोणाच्याच प्रतिसादात नाही.

ध्वनीचा वेग २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर. १६० च्या चालीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. घोडदौड म्हणजे मात्रेचे चार भाग: पहिले दोन मिळून एक लांब ठोका, मग दोन आखूड. एक भाग साधारण ९४ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात आवाज ३२ मीटर जातो. म्हणजे समोरच्या स्टँडवरून परतणारा स्नेअर थेट आवाजापेक्षा ३२ मीटर जास्त फिरून आला, की तो नेमका लांब ठोक्यातल्या मोकळ्या जागेत बसतो. तुम्हाला ठोके दुप्पट नाही ऐकू येत, सगळं सपाट ऐकू येतं. याला निर्जीव म्हणतात ते लोक बहुधा ६० मीटरच्या मागे असतात.

मागच्यांसाठी मध्ये उंच खांबांवर जे स्पीकर असतात त्यांना मुद्दाम उशीर लावलेला असतो. खांब ६० मीटरवर असेल तर १७५ मिलिसेकंद, वर १० ते १५ आणखी, म्हणजे कानाला आवाज स्टेजकडूनच आल्यासारखा वाटतो. हे दुपारी उन्हात जुळवतात. रात्री तापमान १५ अंशांनी उतरलं तर वेग सेकंदाला ९ मीटरने घटतो आणि ६० मीटरवर चार-पाच मिलिसेकंद सरकतात. ते चालून जातं. वारा चालत नाही. आडवा वारा आला की सिंबल आणि शब्द लाटेसारखे येतात-जातात, आणि लोक म्हणतात गायकाचा घसा बसला.

बेसचं वेगळंच. सबवूफर स्टेजच्या दोन टोकांना ठेवले तर बरोबर मधल्या रेषेत बेस छातीत बसतो आणि थोडं बाजूला सरकलं की खड्डा. ६० हर्ट्झची लांबी ५.७ मीटर. दोन बाजूंच्या अंतरात २.८५ मीटरचा फरक पडला की तो स्वर तिथे जवळजवळ मरतो. बेस ड्रमचं पोट त्याच भागात. तुम्ही खड्ड्यात उभे राहिलात तर कोणीही ड्रमर बसवा, दम नाहीच.

जागा: मिक्सरच्या मंचाच्या पुढे दोन-तीन मीटर, मधल्या रेषेपासून किंचित बाजूला. मंचाच्या लगेच मागे नको, तिथे सावली पडते.

मागची_रांग

जागेचं ठीक, पण दिसायला तर हवं. समोर हात वर करून फोन धरलेला ठोंब्या उभा असेल तर मंचाच्या पुढे काय आणि मागे काय. मॅनेजर रॉड स्मॉलवुडने टूरआधीच विनंती केली होती की फोन खिशात ठेवा. विनंती. घोस्ट बँडने २०२५ ला सरळ पाऊचमध्ये बंद करून टाकले, तसं करा की. आणि तो 'टीव्ही' मला आवडला. कापडी पडदे पहिल्या पन्नास रांगांसाठी होते, मागच्यांना फक्त रंग कळायचा. बँडचा चालता बाहुला एडी अजून येतोच.

कापूसकोंड्या

इतका वेळ कोणी कानाबद्दल बोललं नाही, आश्चर्य आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठीची मर्यादा, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. शो दोन तासांचा. कानात प्लग न घालता जे 'निकोचं वजन' ऐकतात त्यांना काही वर्षांनी फक्त शिट्टी ऐकू येईल.

निकोभक्त_८३

घ्या, आली कापूसकोंड्याची गोष्ट! ड्रमवर चर्चा चाललीय हो. कानात बोळे घालून मेडन ऐकणाऱ्यांनी घरी बसून मोबाइलवर ऐकावं, तिकीट तरी वाचेल. आणि जागतिक आरोग्य संघटनाच १०० डेसिबलला परवानगी देते.

कापूसकोंड्या

परवानगी नाही, कमाल मर्यादा. २०२२ च्या त्यांच्या मानकात कोणत्याही १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये, आणि त्याच मानकात लोकांना कानाची संरक्षक साधनं मिळावीत असंही आहे. अर्धं वाचून ठोकून देऊ नका.

निकोभक्त_८३

तुमच्यासारखे वाढले म्हणून सगळं पाळणाघर झालंय. उद्या हेल्मेट सांगाल. ढोलासमोर उभं राहायचं आणि ढोल नको, असलं वागणं.

तिसरी_गिटार

साहेब, जरा जपून. निको स्वतः इतकी वर्षं त्या सिंबलांच्या मधोमध बसला, तो काय उघड्या कानांनी बसला असेल?

साउंडडेस्क

दोघेही थांबा, कारण प्लगचा प्रश्न ड्रमशीच येऊन मिळतो.

स्वस्त फोमचा प्लग सगळं सारखं कापत नाही. खालचे स्वर वीस-पंचवीस डेसिबलने, दोन हजार हर्ट्झच्या वर पस्तीस-चाळीसने. बेस ड्रमचं पोट खाली ६०-८० ला, पण बीटरचा 'टक्' वर तीन ते पाच हजाराला. 'टक्' कापला की उरते नुसती गुरगुर. राइडची घुमटी गेली, स्नेअरची तार गेली. म्हणजे निकोभक्तांना जे हवंय नेमकं तेच फोम खातो.

फिल्टरवाले प्लग घ्या, जे सगळीकडे १५ ते २० डेसिबल कापतात. १०० चे ८२ झाले की दोन तास आरामात निघतात आणि मिक्स तसाच राहतो.

फोमच घालायचा असेल तर निदान नीट घाला. कोरड्या, स्वच्छ बोटांनी सुरकुती न पडता बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि बोटाने तीस सेकंद धरून ठेवायचा. बहुतेक जण धरत नाहीत, तो फुगत फुगत बाहेर येतो, अर्धवट बसतो. अर्धवट बसलेला आणखी वाईट, खालचे स्वर गळतात आणि वरचे तरीही मरतात. स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटलं तर बसलाय.

कापूसकोंड्या

याला म्हणतात प्रतिसाद. फक्त एक भर: गाण्याच्या मध्ये काढून 'जरा खरं ऐकू या' करू नका. दोन तासांत पंधरा मिनिटं काढलात की त्या पंधरा मिनिटांतच दिवसाचा वाटा संपतो. घालायचे असतील तर आत शिरण्याआधी.

खर्जातला

माझा धागा कानाच्या दवाखान्यात गेला. असो. निकोभक्त, एका पायाच्या असमान जोडीचा मुद्दा मात्र पटला, तो मी लिहायला हवा होता. पण मग हेही माना: घोडदौड ड्रमवर जेवढी असते त्याहून जास्त बेस वाजवणाऱ्या हॅरिसच्या दोन बोटांत असते. पिक नाही, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, तर्जनी आणि मधलं बोट. बेसवर ती चालू राहते म्हणूनच ड्रमरला पाय मोकळा ठेवता येतो. हॅरिस बदललेला नाही.

निकोभक्त_८३

हॅरिसचं कोण नाकारतंय.

बरं, ऐका. साउंडडेस्क यांच्या प्रतिसादावर दिवसभर गप्प होतो कारण... फोमचेच होते. दारावर फुकट वाटत होते ते. आणि डाव्या स्टँडच्या वरच्या रांगेत. हसून घ्या.

तरीही फिल समेवर आवरतो म्हणजे आवरतोच. ते व्हिडिओवरही दिसतं, आणि व्हिडिओला फोम नसतो.

कापूसकोंड्या

बोळे. कानात. घालून. मेडन.

मागची_रांग

आणि तो व्हिडिओ काढला कोणी, हात वर करून?