पिल्लू आणायचंय : लॅब की गावठी? घरात एकमत होईना

इंदिरानगरची आई
तिसरा मजला, लिफ्ट नाही. लेक ९ वर्षांची, सासूबाई ७२ च्या. पिल्लू आणायचं हे नक्की, वाद जातीवरून आहे. अहोंना लॅब्रॅडॉरच हवा, "लहान मूल असलेल्या घरात लॅबच" म्हणतात. माझा जीव गावठीत. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला नुकतीच पाच झालीत. मला मनापासून वाटतं, लोक फोटो बघून जात ठरवतात. आपला जिना, आपला मे महिना, दिवसभर घरात कोण असतं, याचा विचार आधी व्हायला हवा. तुमचं काय मत?

सिडकोतले काका
ताई, अहोंचं ऐका. आमच्याकडे ११ वर्षं लॅब होती. नातू तिचे कान ओढायचा, पोटावर डोकं टेकून झोपायचा, ती एकदाही गुरगुरली नाही. अंध माणसांच्या सोबतीला जगभर ही जात निवडतात, ते तिच्या स्वभावामुळेच. मोठेपणी कुत्रा कसा निघेल याचा जातीवरून अंदाज बांधता येतो. गावठी पिल्लाच्या आईबापाचा पत्ता नसतो. घरात लहान मूल असताना ही जोखीम कशाला?

पायरीपायरीने
काका, स्वभावाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण आम्हीही तिसऱ्या मजल्यावरच राहतो. आमचा लॅब ३४ किलोचा. नवव्या वर्षी त्याचे मागचे पाय गेले. खुब्याच्या सांध्याचा आजार या जातीत बराच आढळतो. पोटाखालून जुना टॉवेल घालायचा, एक टोक माझ्याकडे, एक मुलाकडे, असं दिवसातून तीनदा जिना उतरायचो. प्रत्येक पायरीवर तो थांबायचा, मान वळवून मी आहे ना ते बघायचा, मग पुढचा पंजा खाली टाकायचा. दीड वर्ष हे चाललं. इतका लाघवी जीव, आणि शेवटी त्याला जिन्याची धास्ती बसली होती. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

दुसरं, भूक. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा नसतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. आता हे नाशिकच्या घरात आणून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून द्राक्षांची पेटी येतेच. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. आमच्याने पुठ्ठा फाडून अर्धा घड संपवला. रात्री अकराला उलटी करवून घ्यायला डॉक्टरांकडे पळालो, वाचला. कुठलंही पिल्लू आणा, पेटी त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

मखमलाबादचा मळा
देशीच हवी तर कारवान आणू, असं कुणाच्या डोक्यात येईल म्हणून आधीच सांगतो. आमच्या मळ्यात आहे. लातूरकडची जात, अंगावर केस आखूड, ऊन सोसते. पण ही नजरेवर शिकार करणारी जात आहे. समोरून करडू पळालं की पट्टा हातात राहत नाही. तिला रान लागतं, फ्लॅटमध्ये कोंडू नका.

पंचवटीकर
काका, आईबापाचा मुद्दा मला उलटा वाटतो. ताई त्या कुत्रीला रोज बघताहेत. ती पोरांशी कशी वागते, अंगावर धावून जाते का, सगळं डोळ्यांसमोर आहे. जातिवंत पिल्लू घेताना कितीजण त्याची आई बघतात? आम्हाला तर बास्केटमध्ये घालून आणून दिलं, जेमतेम पाच आठवड्यांचं, अंगभर गोचिड्या. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. आम्ही विचारलंच नाही. चौथ्या दिवशी पार्वोने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराने, गेलं.

सिडकोतले काका
वाईट वाटलं वाचून. आम्ही आमच्या लॅबच्या आईला बघूनच तिला आणलं होतं, सगळे तसं करत असतील असं धरून चाललो. जिन्याचंही मान्य. तरी पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्यांना मी आजही लॅबच सुचवीन, फक्त लिफ्ट किंवा तळमजला असेल तर.

इंदिरानगरची आई
टॉवेलचं अहोंना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आईला जिना चढताना दम लागतो, तेव्हाच कळायला हवं होतं." ती कुत्री सासूबाईंच्या हातची पोळी खाते, पिल्लांना हात लावू देते. पिल्लं पाच आठवड्यांची आहेत. अजून तीन आठवडे आईपाशी राहू देणार. लेकीने कपाळावर ठिपका असलेली निवडलीय.

सिडकोतले काका
मग लसीकरणासाठी डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, आणि रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. तिच्या आईलाही त्याच वेळी टोचून घ्या. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी पिल्लाला एकटं सोडू नका.