खर्चाचा अंदाज हजार कोटींवर: डेटाबेसचा प्लॅनर अशा आकड्यांची तुलना कशी करतो?

द्राक्षवेल (नाशिक):
जिल्ह्यातील कांदा लिलावाच्या नोंदी पोस्टग्रेस १६ या डेटाबेसमध्ये असून, प्रत्येक नोंद तारखेवरून योग्य दर-कालावधीशी जोडायची आहे. नेस्टेड लूप (एका तक्त्याच्या प्रत्येक पंक्तीसाठी दुसरा तक्ता तपासणारी जोडणी) टाळावा म्हणून मी त्याची सेटिंग बंद केली. तरीही एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कोणत्या मार्गाने चालेल हे दाखवणाऱ्या आज्ञेत) नेस्टेड लूपच येतो आणि अंदाजे खर्च १०,००,००,००,००० च्या वर दिसतो. क्वेरी मात्र काही सेकंदांत संपते. एवढ्या मोठ्या संख्येत लहानसहान फरक बुडून जात नाहीत का?

सातपूरकर:
हा आकडा वेळेचा नव्हे; क्वेरीचा मार्ग निवडणारा भाग, म्हणजे प्लॅनर, मार्गांची तुलना करण्यासाठी तो वापरतो. सेटिंग बंद केल्याने ती पद्धत वर्ज्य होत नाही, तिच्या खर्चात १०^१० एवढा दंड मिळवला जातो. हॅश आणि मर्ज या जोडणीच्या इतर दोन पद्धतींना समानतेची अट लागते. आपली अट तारखेच्या मर्यादेची असल्याने नेस्टेड लूपशिवाय पर्यायच उरत नाही.

बुडण्याबद्दलची आपली शंका योग्य आहे, पण दोष दशांश अचूकतेचा नाही. खर्च ६४ बिटांच्या डबल प्रकारात साठवला जातो, त्यात सुमारे १५ सार्थ अंक टिकतात आणि १०^१० ही संख्या त्यात सहज मावते. खरी अडचण तुलनेच्या रीतीत आहे: दोन मार्गांच्या खर्चात १ टक्क्याहून कमी फरक असेल, तर प्लॅनर ते जवळपास समान धरतो, आणि १०^१० चा १ टक्का म्हणजे दहा कोटी. दोन्ही मार्गांवर दंड बसला असेल, तर एरवी निर्णायक ठरणारा फरक या सवलतीत गडप होतो आणि, उदाहरणार्थ, पंक्ती आधीच क्रमाने देणारा महागडा मार्ग स्वस्त मार्गाला बाद करू शकतो. आवृत्ती १८ मध्ये दंड काढून बंद नोड (प्लॅनमधील बंद केलेल्या पद्धतीच्या पायऱ्या) वेगळे मोजले जातात आणि खर्चाआधी त्या संख्येची तुलना होते. मला हीच रीत सरळ वाटते.

गोदाकाठ:
एस्क्युलाइट हा दुसरा डेटाबेस तर खर्चाचे लॉगरिदम १६ बिटांच्या पूर्णांकात ठेवते, त्यामुळे प्रचंड आकडेही तिथे आटोपशीर राहतात. सूक्ष्म फरकांवर मात्र पाणी सोडावे लागते.

आपल्या प्लॅनच्या तळाशी जेआयटीचा (क्वेरी चालताना तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याच्या सोयीचा) मजकूर आहे का? त्याची मूळ मर्यादा १ लाख खर्चाची आहे, त्यामुळे या कृत्रिम दंडानेच ते विनाकारण सुरू होते.

द्राक्षवेल:
आहे, आणि निम्म्याहून अधिक वेळ त्यातच जातो. सेटिंग पूर्ववत करतो.

सातपूरकर:
त्यासोबत कालावधीचा स्तंभ डेटरेंज (तारखांची मर्यादा साठवणाऱ्या) प्रकारचा करून त्यावर जिस्ट इंडेक्स (अशा मर्यादांत झटपट शोध घेणारी सूची) लावा. मग नेस्टेड लूप टाळण्याची गरजच बहुधा उरणार नाही.