थकलेल्या बिलांची वसुली शिस्तीत कशी आणावी?

प्रश्न
भोसरीत माझे सीएनसी मशिनिंगचे लहान वर्कशॉप असून सरकारकडे ‘उद्यम’ नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून झालेली आहे. तीन ग्राहकांकडे मिळून 11 बिले थकली आहेत आणि त्यांतली काही चार महिन्यांपूर्वीची आहेत. मालाबद्दल तक्रार नाही, तरीही फोन केला की ‘या आठवड्यात करतो’ एवढेच ऐकायला मिळते. कामगारांचे पगार आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाहीत. संबंध न बिघडवता वसुली कशी सुधारावी, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1
आधी प्रत्येक बिल ग्राहकाच्या कारखान्यात नेमके कुठे अडकले आहे, ते शोधा. मी अनेक वर्षे पुरवठादारांची बिले पास करण्याचे काम केले आहे. चलनावर (मालासोबतच्या कागदावर) पीओ म्हणजे खरेदी ऑर्डरचा क्रमांक नसतो, किंवा 200 नगांच्या चलनावर मोजणीत 198 भरतात. मग स्टोअर्स, म्हणजे माल उतरवून घेणारा विभाग, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) काढत नाही आणि जीआरएन नसलेले बिल अकाउंट्सच्या ट्रेमध्ये तळाशी जाऊन बसते. अशा वेळी मालक ‘करतो’ म्हणतात ते खोटे नसते, कारण बिल अडल्याचे त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नसते. माल पोचल्यावर तीन-चार दिवसांत स्टोअर्सकडून जीआरएन क्रमांक मागून घ्या, तो बिलासमोर लिहून ठेवा आणि देय तारखेच्या आठवडाभर आधी अकाउंट्सला खातेउतारा (बाकी बिलांची यादी) पाठवा. मुदत उलटल्यावर केलेल्या दहा फोनांपेक्षा या एका उताऱ्याचा उपयोग अधिक होतो, असे मी खात्रीने सांगतो.

उत्तर 2
वरील मुद्दा बरोबर आहे. त्याला कायद्याची जोड द्या. 2006च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय 2023च्या वित्त कायद्याने आणलेल्या, 43बी(एच) म्हणून परिचित असलेल्या तरतुदीमुळे, सूक्ष्म वा लघु उद्योगाची मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीस बाकी असलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. म्हणून फेब्रुवारीतच उद्यम प्रमाणपत्र जोडून एक सौम्य पत्र पाठवा; मार्चमध्ये ग्राहकाचे सीए स्वतःच अशा बाकी रकमांची यादी काढतात. थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुलभीकरण परिषदेकडे जाणे हा मार्ग मात्र ग्राहक कायमचा गेला तरी चालेल, अशाच ठिकाणी वापरा. बाकी फार जुनी असेल तर वसुलीचा दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी शिल्लक रकमेची लेखी, सहीची कबुली घेऊन ठेवावी.

उत्तर 3
आम्ही फाउंड्रीत एकच नियम पाळतो: 60 दिवसांवरचे बिल बाकी असेल तर पुढचा लॉट निघत नाही, आणि हे पहिल्या ऑर्डरच्या वेळीच लेखी कळवतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज तिन्ही स्टोअर्समध्ये स्वतः जाऊन आलो. 11 पैकी 4 बिलांचे जीआरएन निघालेलेच नव्हते आणि एका चलनावर आमच्याच मुलाने जुना पीओ क्रमांक घातला होता. ते चलन दुरुस्त करून दिले असून उरलेल्या बिलांचा उतारा उद्या पाठवत आहे.